किल्ली की स्कूटर

ती तिघं माझ्या दुकानात शिरली तेव्हा त्यांचं भांडण ऐन रंगात आलं होतं, आणि आवाज काय तो फक्त चपलांचा येत होता.

पुढे पंचेचाळिशीच्या एक बाई, काखेत पर्स घट्ट दाबून. मागे थोडे लंगडत चालणारे गृहस्थ. दोघांचे हात असे चालले होते की काउंटरवरचा कॅलेंडरचा कागद फडफडत होता. बाईंनी नवऱ्याकडे पाठ फिरवली. आता मला काही ऐकायचं नाही, असा त्याचा अर्थ असणार. नवरा वळसा घालून पुन्हा त्यांच्या पुढे येऊन उभा राहिला. मग त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"सॉरी हं ताई," त्यांच्याबरोबरची मुलगी म्हणाली. "घरापासून हेच चाललंय. रिक्षावाला सारखा मागे वळून बघत होता. आईला नि पप्पांना जन्मापासून ऐकू येत नाही. मी प्रणाली. तुम्ही जुन्या कॅसेटी साफ करून देता ना?"

"देते की. बसा."

इचलकरंजीतलं आमचं हे दुकान आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लग्नाच्या शूटिंगसाठी काढलं होतं. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि धंदा बसला. आप्पा रोज म्हणायचे, "वैजू, ह्यात आता राम नाही. झेरॉक्सचं मशीन टाकू." मी जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देण्याचं काम धरून बसले होते. दिवाळीपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर झेरॉक्स, असं आमचं ठरलेलं होतं.

प्रणालीच्या आईने, त्रिशलाकाकूंनी, पर्समधून एक पेन ड्राइव्ह काढून माझ्यासमोर ठेवला. मी तो लावला. लग्नाचं चित्रण होतं. नवरा-नवरी खुर्च्यांवर बसलेली, गळ्यात हार, मागे चंदेरी पडदा. काकूंचे मामा मस्कतला होते, त्यांनी तिकडून आणलेल्या छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर हौसेनं केलेलं शूटिंग.

"हां, इथे!" प्रणाली म्हणाली. "इथे थांबवा."

पडद्यावर तरुणपणीचे प्रणालीचे पप्पा, भूपाल मगदूम, शेजारच्या नवरीकडे वळून हाताने काहीतरी सांगत होते. काय, ते मात्र दिसत नव्हतं. नवरदेवाचं तोंड ठीक होतं, खुर्ची ठीक होती, पण हात जिथे हलत होता तिथे नुसते फणीचे दाते. आडव्या रेघाच रेघा. बोटं कुठली नि मूठ कुठली, काही पत्ता लागत नव्हता.

"भांडण ह्याच्यावरून आहे," प्रणाली म्हणाली. "आईचं म्हणणं, पप्पांनी तिला इथे वचन दिलंय."

"कसलं?"

तिने उजव्या हाताची मूठ पुढे धरली आणि आपल्याकडे पिळली, पुन्हा पिळली, पुन्हा पिळली. गाडीला रेस देतात तशी. "स्कूटर. तुला स्कूटर शिकवीन, असं. आणि पप्पा म्हणतात, मी असं बोललोच नाही. मी म्हणालो..." तिने तीच मूठ पुढे धरली आणि एकदाच उजवीकडे फिरवली. "किल्ली. तुझ्या हातात किल्ली देईन."

"किल्ली कसली?"

"पप्पांचं घर मोठं, कुरुंदवाडला. सगळ्या किल्ल्या आजीच्या कमरेला. नवीन सुनेला साधी साखर काढायची तरी विचारावं लागायचं. पप्पा म्हणतात, मी सांगितलं होतं, आपण वेगळी खोली घेऊ, किल्ली तुझ्याकडे. आणि घेतली की खोली. म्हणजे पप्पांच्या हिशेबात वचन पुरं झालं. आईच्या हिशेबात ते अजून बाकीच आहे."

भूपालकाकांनी माझ्याकडे बघून मान जोरात हलवली. काकूंनी त्यांच्याकडे बघून त्याहून जोरात, उलट्या बाजूला.

ऐकायला गंमत वाटत होती, पण मामला गमतीचा नव्हता. काकू परकर शिवून दुकानांना घालायच्या. गठ्ठे घेऊन रिक्षाची वाट बघण्यात त्यांची निम्मी दुपार जायची. ऐकू न येणाऱ्यांनाही आता लायसन मिळतं, हे त्यांना कळलं होतं, आणि त्या दिवसापासून त्यांनी स्कूटरचा धोशा लावला होता. काका ठाम नाही म्हणत होते. कारण ते स्वतः एकेकाळी स्कूटर चालवत होते. कबनूरच्या रस्त्यावर मागून ट्रक आला, त्याने हॉर्न दिला असेल-नसेल, काकांना कळायचं काही साधनच नव्हतं. ट्रकने धडक दिली, पायात सळई घालावी लागली. स्कूटर विकली ती विकलीच.

"आईने शेवटी शब्द घेतलाय त्यांच्याकडून," प्रणाली म्हणाली. "व्हिडिओत स्कूटर निघाली तर शिकवायचं. किल्ली निघाली तर आईने पुन्हा नाव काढायचं नाही. कायमचं."

त्रिशलाकाकूंनी टेबलावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला मुलीची मदत लागली नाही.

"मूळ कॅसेट आहे का?" मी विचारलं.

रुमालात गुंडाळलेली छोटी कॅसेट पर्समधून बाहेर आली, आणि माझा जीव भांड्यात पडला. तसली कॅसेट चालवणारा आप्पांचा जुना कॅमेरा आमच्याकडे अजून चालू होता.

मी त्यांना समजावून सांगितलं आणि प्रणाली हाताने सांगत गेली. जुना कॅमेरा एक चित्र एकदम घेत नाही. आधी एक सोडून एक अशा रेघा घेतो, आणि निमिषभराने मधल्या राहिलेल्या रेघा. टीव्हीवर त्या पाठोपाठ दिसतात, डोळ्याला कळत नाही. पण कॉम्प्युटरवर उतरवताना दोन्ही एकाच चित्रात बसवल्या, की तेवढ्यात हात सरकलेला असतो. निम्मा हात इथे, निम्मा तिथे. म्हणून ते फणीचे दाते. रेघांचे दोन्ही संच वेगळे करायचे, प्रत्येकातल्या राहिलेल्या रेघा भरून काढायच्या आणि एकापाठोपाठ एक दाखवायचे. चित्रं दुप्पट होतात, हालचाल मऊ होते.

काका मागाच्या कारखान्यात जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. ते एवढं लक्ष देऊन बघत होते की मी बोलायची थांबल्यावर त्यांनी दोन्ही हातांची बोटं फाकवून एकमेकांत घातली, ओढून वेगळी केली, आणि भुवया उंचावल्या.

"बरोबर," मी म्हणाले. "अगदी हेच."

दोन दिवसांनी ती तिघं पुन्हा आली. मी तेवढा तुकडा तयार ठेवला होता, काकांच्या हातावर मोठा करून. आप्पाही खुर्ची ओढून बसले. त्यांना एरवी माझ्या कामात रस नसायचा, पण ह्या मामल्याची त्यांनी चहाच्या टपरीवर चर्चा केली होती.

मी सुरू केलं. रेघा गेल्या होत्या. स्वच्छ, ठसठशीत मूठ. ती पुढे आली, आणि वळली, परत आली, वळली, परत आली, वळली.

त्रिशलाकाकू खुर्चीवरून उठल्याच. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, आनंदाचा, आणि दुकानाबाहेरचा माणूस आत डोकावला. त्यांनी लेकीला मिठी मारली, मग मला मारली. मग नवऱ्यासमोर उभं राहून त्यांनी हवेत अशी काही रेस दिली की आप्पा खो खो हसत सुटले.

भूपालकाकांनी हात दाखवून पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले. पुन्हा लावायला सांगितलं. मग ते मागे सरले आणि हळूच काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतात?" मी प्रणालीला विचारलं.

तिचा चेहरा पडला होता. "म्हणतात, मला वेगळंच आठवत होतं. म्हातारा झालो वाटतं."

जाताना काकूंनी समोरच्या दुकानातून पेढे आणून आमच्या हातावर ठेवले. काका दाराशी पाठमोरे उभे होते. मी पेढा खाल्ला, पण तो काही नीट गोड लागला नाही.

त्या संध्याकाळी मी राहिलेली सगळी कॅसेट त्याच पद्धतीने तयार करायला घेतली. त्यांना पूर्ण लग्न द्यायचं होतं. एका जागी लाल लुगड्यातली एक आजी जिलेबीचं ताट घेऊन पंगतीतून जात होती. मी बघत राहिले. आजी एक पाऊल पुढे जायची, किंचित मागे यायची, मग पुढे. तिच्याबरोबर ताट थरथरत होतं. शेजारून पळणाऱ्या पोराचंही तेच. सगळं लग्न पुढे जाऊन मागे येत होतं.

मी चित्र मागे नेऊन सावकाश बघितलं. रेघा वेगळ्या केल्या होत्या, पण क्रम उलटा लागला होता. प्रत्येक जोडीतली नंतरची घडी आधी दिसत होती आणि आधीची नंतर. त्यामुळे एकदाच फिरलेला हातसुद्धा पुढे-मागे झटके खाणार. काकांची मूठ एकटीच हलत होती, शेजारी ताडून बघायला काही नव्हतं, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही.

मी क्रम बदलला. आजी पंगतीतून झुळझुळ निघाली, जणू लग्न आत्ता बाहेर चालू आहे. मग मी काकांचा तुकडा लावला.

मूठ पुढे आली. एकदाच, शांतपणे उजवीकडे फिरली. थांबली.

किल्ली.

"आप्पा," मी हाक मारली. "हे बघा."

आप्पांनी बघितलं. खुर्चीत मागे टेकले. "अरे देवा. आता?"

"आता काय. फोन करायचा प्रणालीला."

"थांब की जरा. ती बाई किती खूश झाली, बघितलंस ना? आज गाडीचे दर विचारून आली असंल. तू हे सांगितलंस की तिचं कायमचं बंद. कशाला उकरून काढतीस?"

"आणि काका? त्यांना वाटतंय की त्यांना वेड लागलंय."

"एवढ्यानं काय वेड लागत नाही."

"आप्पा, त्यांना स्वतःचंच बोलणं खोटं वाटायला लागलंय. माझ्यामुळं."

आप्पांनी जिलेबीवाल्या आजीकडे बघितलं. ती शेजारच्या पडद्यावर अजून फिरत होती. "चांगलं दिसतंय पण," ते म्हणाले. "आमच्या वेळी एवढं चांगलं नव्हतं दिसत." आणि टेबलावरचा फोन त्यांनी माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी ती तिघं आली तेव्हा काकू हसत होत्या. बहुधा अख्ख्या कॅसेटसाठी बोलावलंय असं त्यांना वाटलं असावं. फोनवर मी प्रणालीला एवढंच म्हणाले होते, की माझी एक चूक झाली आहे, समोर बसून सांगायची आहे.

मी सांगितलं. प्रणालीने हाताने सांगताना एक शब्द गाळला नाही. मी आधी आजी दाखवली, उलट क्रमाने आणि सरळ क्रमाने. दोघांनाही लगेच कळलं. ज्यांचं सगळं जग हालचालीत आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मग मी खुर्च्यांवरच्या नवरा-नवरीचा तुकडा लावला. ह्या वेळी हात मोठा न करता, पूर्ण चित्र.

मूठ एकदाच फिरली.

काकूंनी पुन्हा लावायला सांगितलं नाही. त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि तिची चेन उघडझाप करत बसल्या. आप्पा उठून उगाचच पंखा वाढवायला गेले. मला वाटलं, आता काका उठून नाचतील, आणि मला ते बघवणार नाही.

काका उठले खरे. पडद्यापाशी गेले आणि बोटाने मला खूण केली, मागे घे. मी मागे घेतलं. अजून थोडं पुढे जाऊ दे. मी जाऊ दिलं. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. आपल्या मुठीवर नव्हे, नवरीवर.

तिच्याकडे आतापर्यंत कोणीच बघितलं नव्हतं. भांडण काकांच्या मुठीचं, म्हणून सगळ्यांचे डोळे तिथेच. काकांची मूठ फिरून खाली जाते, आणि नवरीच्या हाराखालून, मांडीवरच, एक छोटी मूठ वर येते. कोणाला दिसू नये अशा बेताने. ती आपल्याकडे पिळली जाते, पुन्हा पिळली जाते. भुवया वर. प्रश्न.

स्कूटर?

आणि भूपाल मगदूम, फेटा बांधलेले, कपाळाला घाम आलेले, तिच्याकडे बघून जोरात मान डोलावतात. एकदा डोलावून भागत नाही म्हणून पुन्हा डोलावतात. नवरी तोंडावर पदर धरून हसायला लागते, आणि मामांचा कॅमेरा आचाऱ्याकडे वळतो.

मग काका वळले आणि हातांनी बोलायला लागले, काकूंशी, हळूहळू, प्रत्येक शब्द वेगळा करून. प्रणाली आम्हाला सांगत गेली.

"पप्पा म्हणतात... आमच्या शाळा वेगळ्या. मी मिरजेच्या शाळेत, ती बेळगावच्या. तिच्या अर्ध्या खुणा मला तेव्हा कळत नव्हत्या. माझ्या तिला कळत नव्हत्या. मी किल्ली म्हणालो, तिला वाटलं स्कूटर. तिने विचारलं, स्कूटर? मला काहीच कळलं नाही."

"मग मान कशी डोलावली?" आप्पांना राहवलं नाही.

प्रणालीने विचारलं. काकांनी खांदे उडवून उत्तर दिलं आणि ते सांगताना तिला हसू आवरेना. "म्हणतात, त्या दिवशी मी सगळ्यालाच मान डोलावत होतो. भटजींना, सासऱ्यांना, फोटोवाल्याला. ती एवढी छान दिसत होती. ती म्हणाली असती विहिरीत उडी मारतोस का, तरी मी मान डोलावली असती."

काकूंनी पर्स बाजूला ठेवली. त्यांनी विचारलेला प्रश्न मलाही कळला, इतका तो साधा होता. मग? आता?

मी तुकडा पुन्हा मागे नेला होता; काकांनी त्यातल्या फेटेवाल्या पोराकडे बघितलं. त्यांनी आपल्या दुखऱ्या पायावर तळवा ठेवला, दाबला. भीती गेली नव्हती, ते दिसत होतं. मग ते काकूंसमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी मान डोलावली. एकदा. ह्या वेळी कळून.

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्याच वेळी त्यांनी काकांच्या दंडावर एक जोरदार चापट मारली. बहुधा इतक्या वर्षांची असावी.

आप्पांनी चहा मागवला. चहा पिताना काकांनी प्रणालीकरवी मला निरोप दिला, की मी माझी मूठ फिरवली तेवढंच लक्षात ठेवलं, तिचं बोलणं माझ्याकडून राहून गेलं, तू ते दाखवलंस. मी म्हटलं, मी कुठे दाखवलं, तुम्हीच शोधलंत. ते हसले आणि पुन्हा बोटं एकमेकांत घालून वेगळी करून दाखवली.

त्या कॅसेटीचा बोलबाला कुठून कुठे गेला देव जाणे. महिन्याभरात जयसिंगपूरहून एक जोडपं आलं, मग निपाणीहून चौघं. सगळ्यांच्या हातात लग्नाच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या, हळदीच्या जुन्या कॅसेटी, आणि सगळ्यांची एकच तक्रार, हात दिसत नाहीत. एवढी वर्षं आम्ही चेहरे धरून शूटिंग करत आलो आणि निम्मं बोलणं चौकटीबाहेर सोडत आलो, हे मला तेव्हा कळलं. आज मी ऐकू न येणाऱ्यांच्या लग्नांचं शूटिंग करते. कॅमेरा थोडा मागे, दोन्ही हात चौकटीत. प्रणालीने मला हाताने बोलायला शिकवलं. अजून माझे हात अडखळतात आणि लोक मजेत हसतात. झेरॉक्सचं मशीन काही आलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं. प्रणालीचा फोन आला, "ताई, मैदानावर या, मजा बघायला." मी आप्पांना घेऊन गेले. नवी कोरी निळी स्कूटर होती. काकांनी तिला स्वतः दोन भले मोठे आरसे बसवले होते, मागून येणारी मुंगीसुद्धा दिसावी असे. काकू पुढे, काका मागे. काकूंनी रेस दिली आणि गाडी वळणं घेत, डुगडुगत निघाली. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला गाडी सरळ चालायला लागली आणि काकूंची मान ताठ झाली.

मागे बसलेले काका गप्प बसणाऱ्यातले नव्हते. तिची पाठ त्यांच्याकडे, म्हणून ते डाव्या आरशात बघून दोन्ही हातांनी सूचना देत होते. हळू. ब्रेक. तिकडे नको. खड्डा. अगं हळू! लांबून आम्हाला नुसते त्यांचे हात वारा घालताना दिसत होते.

तिसऱ्या फेरीला गाडी आमच्यासमोरून गेली. त्रिशलाकाकूंनी उजव्या आरशात बघून रस्ता मोकळा असल्याची खात्री केली. मग डावा हात क्षणभर सोडला, डावा आरसा आभाळाकडे फिरवला, आणि रेस वाढवली.